उजनीतल्या जुन्या फायबर बोटीचा रंग उडालाय: घासून चमक आणावी की नवा रंग मारावा?

भीमाकाठ
फायबरची उघडी बोट आहे, 16 फुटी, बाहेरून गडद निळी, आतून पांढरी. वय वीस वर्षांच्या पुढे. टेंभुर्णीच्या बाजूला उजनीच्या बॅकवॉटरमध्ये थंडीत पक्षी बघायला येणाऱ्यांसाठी चालते, बाकी वेळ काठावर उन्हातच पडून असते. निळा भाग पांढुरका झालाय, हात फिरवला की भुकटी लागते. दोर बांधायच्या खुंटाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा आहेत. पाण्याच्या रेषेला पिवळट-तपकिरी पट्टा, आणि तळाला दोन-तीन ठिकाणी वाटाण्याएवढे फोड.

सोलापुरात तिघांना विचारलं. गाड्यांचा पेंटर म्हणतो घासून ऑइल पेंट मारू. फायबरवाला म्हणतो सगळा नवा जेलकोट मारावा लागेल. तिसरा म्हणतो नुसतं बफिंग करा. पुढची पाच-सात वर्षं बोट नीट चालली पाहिजे. काय करावं?

जेलकोट_एमआयडीसी
दादा, आधी वरचा थर काय आहे आणि किती उरलाय ते बघा. फायबर बोटीला कारखान्यात सहसा रंग मारत नाहीत. साच्यात आधी जेलकोट मारतात, म्हणजे रंगद्रव्य घातलेलं पॉलिस्टर रेझिन, आणि त्याच्या पाठीवर मॅटचे, म्हणजे काचेच्या तंतूंच्या चटईचे, थर रेझिनमध्ये भिजवून चढवतात. जेलकोट नवा असताना साधारण अर्धा मिलिमीटर असतो. उन्हाने त्याचा वरचा पातळ पापुद्रा मरतो, तीच तुमच्या हाताला लागणारी भुकटी. खालचा निळा जिवंत असेल तर बोटीला रंगाची गरजच नाही, मेलेला पापुद्रा काढला की झालं.

ओला फडका फिरवून बघा. ओलं असेपर्यंत निळा गडद दिसला तर जेलकोट शिल्लक आहे. ओलं करूनही पांढुरकंच राहिलं किंवा मॅटच्या तंतूंची नक्षी दिसली, तर तिथला जेलकोट संपला. मग भुकटी धुऊन तिथेच एनसी थिनरचा फडका मिनिटभर दाबून धरा. जेलकोटला काही होत नाही. पृष्ठभाग चिकट झाला किंवा सुरकुतला तर आधी कुणीतरी ऑइल पेंट मारलेला आहे आणि पुढचं गणित बदलतं.

आता एक फूट बाय एक फूट तुकडा घ्या, सगळ्यात जास्त ऊन लागणाऱ्या बाजूचा. साबणाने धुवा. पांढरा क्षार असेल तर आधी तो व्हिनेगरने काढा. त्यानंतर पिवळ्या पट्ट्याला ऑक्झॅलिक ॲसिड, लिटरभर कोमट पाण्यात 50-60 ग्रॅम, हातमोजे घालून. पंधरा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. क्रम उलटा केला तर क्षारावर ॲसिडची न विरघळणारी साय धरते आणि ती निघता निघत नाही. हा पट्टा घासून काढायच्या भानगडीत पडू नका, डागापायी चांगला जेलकोट जातो.

मग जुनं मेण ॲसिटोनने पुसायचं. दोन फडके लागतात: एका ओल्या फडक्याने पुसायचं, वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्याने उचलायचं. वर पाणी ओता. मणी धरले तर मेण अजून आहे, ते पेपरने घासलं की ओरखड्यांत दाबलं जातं.

त्यानंतर तुकड्यावर पेन्सिलने आडव्या-उभ्या रेघा मारा आणि 1000 नंबरच्या वॉटर पेपरने, मागे रबरी ब्लॉक लावून, साबणाच्या पाण्यात घासा. रेघा गेल्या की थांबा. ओघळणारं पाणी सुरुवातीला दुधाळ असतं. ते स्वच्छ निळं उतरायला लागलं की जिवंत थर लागला. 1000 ने हलत नसेल तरच 800, फारच हट्टी असेल तर 600, आणि तिथून परत वर 1000, 1500, 2000. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदला, म्हणजे आधीचे ओरखडे राहिले का ते दिसतं. मग लोकरी पॅड आणि कंपाऊंड, शेवटी पॉलिश आणि मेणाचे दोन हात.

आपल्याकडे चार इंची ग्राइंडरवर पॅड लावून बफ मारायची सवय आहे. ते मशीन मिनिटाला 11,000 च्या आसपास फिरतं, जेलकोटला 1200 ते 1800 फेरे पुरतात. ग्राइंडरने जेलकोट जळून पिवळा पडतो आणि कडेला, जिथे तो मुळातच पातळ असतो, तिथे क्षणात मॅट उघडी पडते. कडांना मास्किंग टेप लावाच. काम सावलीत करा, बोट तापलेली असेल तर कंपाऊंड लावता लावता वाळतं.

तुकडा चमकला आणि कुठे मॅट दिसली नाही, तर अख्खी बोट अशीच करा. रंग मारणं हा एकेरी रस्ता आहे. एकदा मारला की पुढे दर काही वर्षांनी मारतच राहावं लागतं.

पीयू_होटगीरोड
वरच्यांचं तंत्र बरोबर आहे, पण एक अट राहिली. बफ केलेल्या गडद निळ्याला सोलापूरच्या उन्हात दर तीन महिन्यांनी मेण लागतं आणि वर ताडपत्री. हे होणार नसेल तर दीड-दोन उन्हाळ्यांत पुन्हा भुकटी धरते. दर वेळी घासाल तेवढा जेलकोट कमी. काठावर वर्षभर उघडी राहणारी बोट असेल तर मी टू-पॅक पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या रंगाच्या, बाजूने आहे, तोही पांढरा किंवा क्रीम. गडद रंग तापतो, आणि तापला की खालच्या पुट्टीच्या कडा वरून दिसायला लागतात.

ऑइल पेंट मात्र नकोच. उन्हात तो वर्ष-दोन वर्षांत भुकटी धरतो. त्यावर पुढे पीयू मारायला गेलं तर पीयूचा थिनर तो उचलतो, सगळं सुरकुततं, आणि पुन्हा तळापासून खरवडत बसावं लागतं.

माप असं काढा: लांबी अधिक रुंदी, गुणिले दोन, गुणिले पाण्यावरची उंची. 4.9 मीटर लांब, 1.7 रुंद, 0.6 उंच धरली तर जवळपास 8 चौरस मीटर. इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, दोन लिटर पुरे. पीयूचे तीन हात, अडीच ते तीन लिटर. मेण काढून 180 ने घासा, प्रायमर वाळल्यावर 320 ने. घासण्याआधी ॲसिटोन, घासल्यावरही ॲसिटोन.

वेळ सकाळी साधारण आठनंतरची, दव पूर्ण वाळल्यावर. अकराच्या आत संपवा, नंतर वाऱ्याने धूळ बसते. संध्याकाळी मारलेल्या पीयूवर रात्री दव पडलं की चमक जाते, कारण त्याचा हार्डनर ओलाव्याशीच भिडतो. तो हार्डनर आयसोसायनेट आहे. स्प्रे करायचा तर बाहेरून हवा देणारा मास्क हवा, कागदी मास्क काही कामाचा नाही. त्यापेक्षा एकाने फोम रोलर फिरवावा, मागून दुसऱ्याने मऊ ब्रशचं नुसतं टोक ओढत जावं. स्लो थिनर घ्या, साध्या थिनरने उन्हाळ्यात ब्रशचे माग राहतात.

आणि हा रंग फक्त पाण्याच्या रेषेच्या वर. बोट दिवसेंदिवस पाण्यात उभी राहणार असेल तर तळाला पीयूला फोड येतात.

कंदर_घाट
फोडांचं कुणी बोललं नाही. गोड्या पाण्यात हे फोड खाऱ्या पाण्यापेक्षा जास्त येतात. पाणी जेलकोटमधून झिरपतं, आत न जमलेले रासायनिक अंश विरघळवतं आणि दाब धरतं. डोळ्यांना गॉगल लावून एक फोड टोचा. व्हिनेगरसारखा आंबूस वास आणि चिकट पाणी आलं तर खरा ऑस्मोसिस. ते पिचकारीसारखं उडतं, म्हणून गॉगल सांगतोय. दोन-तीनच असतील तर घाबरू नका, उघडा, कडा उतरत्या घासा, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा, पूर्ण वाळवा आणि इपॉक्सी पुट्टी भरा. वाळलं का ते बघायला सावलीत प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून एक रात्र ठेवा. आतून घाम दिसला तर अजून वाळायचंय.

खुंटाजवळच्या भेगा नुसत्या भरल्या तर परत येणार. आतून खुंटाखाली मोठा प्लेट-वॉशर किंवा प्लायचा तुकडा आहे का बघा. नसतो म्हणूनच फायबर वाकतं. आधी आधार द्या, मग भेग व्ही आकारात उघडून भरा. सगळ्या बोटीवर नाण्याने टकटक करत जा. आवाज खणखणीत असेल तर ठीक, बद्द आला तर मॅटचे थर सुटलेत. इंजिन लावायच्या मागच्या फळीवर तर नक्की वाजवा, आतलं प्लाय कुजलेलं असेल तर वरची चमक काय कामाची?

भीमाकाठ
सगळ्यांचे आभार. बघितलं. दोन्ही बाजूंचा निळा पाण्याने परत येतो. तुकडा 1000 ने निळा उतरला, चमकलाही. फक्त नाकाकडे, काठावर ओढताना घासते तिथे, दीड फुटात मॅट दिसते. थिनरने तिथला रंग चिकट झाला, म्हणजे तिथे ऑइल पेंट होता. फोडाला आंबूस वास आला. नाण्याचा आवाज सगळीकडे चांगला. मेण आणि ताडपत्री जमेल. मार्चमध्ये काम काढतो.

जेलकोट_एमआयडीसी
मग बाजू बफ करा, नाक नव्याने बांधा, तळाला इपॉक्सी. संपूर्ण रंग नको.

नाकाचा ऑइल पेंट 80 च्या पेपरने पूर्ण काढा. मॅट उघडी आहे तिथे 300 जीएसएमच्या (चौरस मीटरला 300 ग्रॅम) मॅटचा एक थर पॉलिस्टर रेझिनने बसवा, मग जेलकोटचे दोन हात. निळ्याचं शेड बाजू बफ झाल्यावरच जुळवा, आधी जुळवलं तर उडालेल्या रंगाशी जुळेल. पिगमेंट पेस्ट वजनाच्या 10 टक्क्यांच्या वर गेली तर जेलकोट कच्चा राहतो. पहिला हात बिनमेणाचा, त्यावर दुसरा चिकटतो. दुसऱ्यात वॅक्स सोल्यूशन घाला, नाहीतर हवेमुळे वरचा थर चिकटच राहील.

हार्डनर मार्चच्या उन्हात 1 ते 1.5 टक्के, 250 ग्रॅमचाच घाणा, म्हणजे अडीच ते पावणेचार ग्रॅम. ते काट्यावर मोजा, अंदाजाने नको. 1 टक्क्याच्या खाली गेलात तर कधीच नीट कडक होणार नाही. लवकर गोठतंय म्हणून हार्डनर कमी करू नका, सकाळी लवकर करा. कोबाल्ट, म्हणजे रेझिन जमायला वेग देणारा द्रव, वेगळं दिलं असेल तर ते आधी रेझिनमध्ये मिसळा, नंतर हार्डनर. दोन्ही थेट एकत्र ओतलं तर स्फोट होतो, बाटल्याही एकाच पिशवीत आणू नका.

तळावर पॉलिस्टर लावू नका. फोड भरून वाळल्यावर इपॉक्सी बॅरिअर कोटचे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या थराचे, पाच-सहा हात, एकूण 250 मायक्रॉनपर्यंत. नाकाचं पॉलिस्टरचं काम त्याच्या आधी संपवा, वाळलेल्या इपॉक्सीवर जेलकोट धड धरत नाही.