पैठणी दर वेळी ड्रायक्लीनला द्यायलाच हवी का?

घोडबंदरवाली:
मंडळी, भाचीच्या लग्नात तीन रेशमी साड्या नेसले, प्रत्येकी फार तर चार तास. आमच्या लाँड्रीवाल्याने पैठणीचे साडेचारशे, कांजीवरमचे चारशे आणि आईच्या जुन्या नारायणपेठचे साडेतीनशे सांगितले. बाराशे रुपये, वर पॉलिशचे वेगळे! पैठणीच्या पदराजवळ हळदीचं बोट लागलंय, तेवढंच. बाकी कुठे डाग नाही.

गेल्या वर्षी पैसे वाचवायचे म्हणून नारायणपेठ घरीच रिठ्याच्या पाण्यात धुतली होती. रंग गेला नाही, पण सुती फॉल आटला आणि खालचा काठ सगळा गोळा झाला. नेसले की निऱ्यांखाली झालर लावल्यासारखं दिसतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या काठाकडे बघत राहिल्या. तेच जास्त लागलं.

नेरुळची_मावशी:
अगं, तिघींतली एकच लाँड्रीत जाणार, हळदीची. घाम खरा येतो तो ब्लाउजला. काखेत सुती कापडाचे तुकडे कच्चे टाचून घे, कार्यक्रम झाला की तेवढे उसवून धुवायचे. आणि घरी आल्या आल्या साडीची घडी घालू नकोस. रात्रभर पंख्याखाली, उलटी बाजू वर करून दोरीवर टाक. आमच्याकडे खाडीची दमट हवा, पावसाळ्यात कपाटालाच घाम फुटतो, त्यात दमट साडी ठेवली की बुरशी आलीच. मी माझी मोरपंखी दोन-तीनदा नेसून मगच धुवायला देते.

आता तुझा काठ. रिठ्याला दोष देऊ नकोस. फॉल रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच लावायचा असतो. तो आधीच आटून घेतो. जुना उसव, काठावर ओलसर सुती फडकं ठेवून उलट्या बाजूने कोमट इस्त्री फिरव. काठ बराच सरळ होईल.

कळवा_नाका:
वडिलांची लाँड्री होती, म्हणून लिहितो. हळदीला साबण लावू नका. साबणातल्या क्षाराने डाग लाल होतो, मग माणूस घाबरून आणखी घासतो. ओलं रेशीम घासलं की धागा फुलतो आणि पांढरट चट्टा पडतो, तो जन्मात जात नाही. डागाभोवती पांढऱ्या दोऱ्याचा सैल टाका घाला आणि पावतीवर ‘हळद’ असं लिहून घ्या. डाग कसला आहे हे कळलं नाही तर कारागीर अंदाजाने काहीतरी लावतो.

एन्झाइमवाली पावडर शर्टांना उत्तम, रेशमाला आणि लोकरीला नाही. हे दोन्ही धागे प्रथिनांचे आणि त्या पावडरीचं कामच प्रथिनं तोडण्याचं.

आणि ‘पेट्रोल वॉश’ घरी करायचं डोक्यातसुद्धा आणू नका. भडका उडायला देवघरातलं निरांजन पुरतं.

सीवूड्स४०:
पॉलिश नको म्हणून स्पष्ट सांगा, दर वेळी लागत नाही. आणि परत आल्यावर साडी त्यांच्या प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवताय ना? मीही ठेवायचो (बायकोच्या, अर्थात). जरीचे धागे काळे पडले. आता मलमलीत गुंडाळतो, दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलतो. डांबराच्या गोळ्या जरीपासून लांब. आमच्याकडे वेखंडाची पुरचुंडी असते.

घोडबंदरवाली:
पैठणी दिली, पॉलिशशिवाय साडेचारशे. कांजीवरम वाऱ्यावर टाकून घडी घातली. मावशी, काल नारायणपेठचा फॉल उसवला. खाली काठाचा रंग अजून गर्द, आई नेसायची तेव्हाचा. इस्त्रीने चुण्या जवळजवळ गेल्या. नवा फॉल भिजत घातला होता, आज दुपारी लावायला बसले. सासूबाई शेजारी येऊन बसल्या, चष्मा लावला आणि म्हणाल्या, “टाके फार ओढू नकोस.”