कोल्ह्याचे जंत आणि जंगलातल्या बेरी, खायच्या का नाही?

स्टुटगार्टकर: इथे जर्मनीत जंगलात ब्लूबेरी भरपूर लागल्यात, पण शेजारच्या आजी म्हणतात कोल्ह्याच्या जंतांची अंडी असतात त्यावर, तशाच तोंडात टाकू नका. खरंय की उगाच भीती?

रानवेडा: खरंय. टेपवर्म आहे, जेमतेम २-४ मिमीचा, कोल्ह्याला फारसं काही होत नाही पण अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, ती रानउंदराच्या पोटात, उंदीर परत कोल्ह्याच्या पोटात, असं चाललेलं असतं. माणसात गेलं तर लिव्हरमध्ये गाठीसारखं पसरतं, कळायलाच ५ ते १५ वर्षं जातात. रेअर आहे पण.

स्टुटगार्टकर: बापरे, फ्रीझरमध्ये ठेवू मग?

भूभूची_आई: घरच्या फ्रीझरने अंडी मरत नाहीत ओ, जॅम करा, उकळलं की विषय संपला. आणि कुत्रा उंदीर पकडत असेल तर व्हेटला विचारून प्राझिक्वांटेल (जंतांचं औषध) द्या, मला तर बेरीपेक्षा असा कुत्राच डेंजर वाटतो.