‘१५ तारखेला कोणीही पेट्रोल भरू नका’: याने खरंच भाव उतरतो का?

मुक्काम_डोंबिवली

सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज परत फिरतोय. एक दिवस कोणीच पेट्रोल भरायचं नाही, म्हणजे कंपन्या नाक घासत येतील. त्याची दुसरी आवृत्ती अशी: तीन सरकारी कंपन्यांपैकी एकीच्या पंपावर महिनाभर पाऊल ठेवायचं नाही, मग ती भाव पाडेल आणि बाकीच्यांनाही पाडावा लागेल.

‘जनतेची ताकद’ वगैरे नको, कृपया. एक दिवस विक्री थांबली तर पंपावर आणि डेपोत नेमकं काय होतं? एकाच कंपनीला वगळलं तर? आणि जगात कुठे असं करून भाव उतरलाय का? रविवारी कमिटीची मीटिंग आहे, मेसेज पुढे पाठवायचा का हे तिथे ठरणार आहे.

डेपो_ते_पंप

पंपाच्या बाजूचं सांगतो.

मध्यम पंपावर पेट्रोलची जमिनीखालची टाकी साधारण २० किलोलिटरची, म्हणजे २०,००० लिटरची. टँकर १२ ते २४ किलोलिटरचा, आत वेगवेगळे कप्पे. डीलर टाकीतला साठा बघतो (डिप रॉड घालून किंवा ऑटोमेशनच्या स्क्रीनवर), कंपनीकडे इंडेंट (मालाची ऑर्डर) टाकतो, पैसे आधी भरतो, मग गाडी सुटते. समजा पंपाची रोजची विक्री ५,००० लिटर आहे आणि १५ तारखेला एक थेंबही विकला गेला नाही. काय होईल? उद्या यायची गाडी परवा येईल. एवढंच. पेट्रोल दोन-चार दिवसांत नासत नाही, शिळं होत नाही, टाकीत पडून राहतं.

आता गिऱ्हाइकाकडून बघा. स्कूटरची टाकी साधारण ५ लिटरची, ॲव्हरेज ४५. रोज २५-३० किलोमीटर फिरणारा माणूस आठवड्यातून एकदा भरतो. म्हणजे सातातले सहा जण १५ तारखेला तसेही पंपावर जाणार नव्हते. त्यांचा बहिष्कार म्हणजे निर्जळी एकादशीला झोपून दिवस काढणं. राहिला सातवा, तो १४ च्या संध्याकाळी येतो किंवा १६ च्या सकाळी. महिन्याच्या लिटरात फरक शून्य.

उलट १४ तारखेला सगळे एकदम आले तर पंप कोरडा पडतो. १ आणि २ जानेवारी २०२४ आठवा. हिट अँड रनच्या नव्या कलमाविरुद्ध चालकांनी गाड्या उभ्या केल्या, टँकर हलेनात, आणि महाराष्ट्रभर पंपांवर रांगा लागल्या. डेपोत माल होता, पंपावर नव्हता. भाव त्या दोन दिवसांत ना वर गेला ना खाली.

आणि गंमत म्हणजे डीलरांनी स्वतःच हा प्रयोग करून बघितलाय. ३१ मे २०२२ ला महाराष्ट्रासह २४ राज्यांतल्या डीलरांनी एक दिवस कंपन्यांकडून माल उचलला नाही. कमिशन २०१७ पासून वाढलं नव्हतं, ही तक्रार. पंप साठ्यावर चालू राहिले, गिऱ्हाइकाला पत्ताही लागला नाही. कमिशन वाढलं ते ऑक्टोबर २०२४ अखेरीस, पेट्रोलवर लिटरमागे ६५ पैसे. रोजचा ठोक खरेदीदार एक दिवस थांबला तर ही गत, तिथे दोन लिटरवाल्याचं कोण ऐकणार?

एक विसरू नका: विक्री थांबली तर पहिली झळ डीलरला. त्याला लिटरमागे चार-साडेचार रुपये सुटतात, पण नोझलवरच्या पोरांचा पगार आणि विजेचं बिल त्या दिवसाचंही द्यावंच लागतं.

आकडेमोड

वरच्या प्रतिसादाशी सहमत. पण समजा लोकांनी तारीख पुढे-मागे न करता खरंच खप कमी केला, तर? त्याचंही उत्तर आपल्याकडे आहे, कारण तो प्रयोग एप्रिल २०२० मध्ये झालाय.

लॉकडाऊनमुळे त्या महिन्यात देशातला पेट्रोलचा खप आदल्या वर्षीपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी पडला. इतका कडकडीत बहिष्कार कुठल्याही मेसेजला जमणार नाही. त्याच सुमारास क्रूडही (कच्चं तेल) कोसळलं, अमेरिकेतला वायदा २० एप्रिलला पिंपाला उणे ३७ डॉलरपर्यंत गेला. आणि आपल्या पंपावर? १६ मार्चपासून ८२ दिवस कंपन्यांनी रोजचा भावबदलच थांबवला होता. मे महिन्याच्या सुरुवातीला केंद्राने पेट्रोलवर लिटरला १० आणि डिझेलवर १३ रुपये एक्साइज वाढवली. ती पंपावर दिसली नाही, कारण क्रूड स्वस्त झाल्याचा फायदा तिने गिळला. ७ जूनपासून भाव परत हलू लागले. दिल्लीत ७१.२६ चं पेट्रोल २९ जूनला ८०.४३ झालं. खप अजून पूर्ण सावरलाही नव्हता.

असं का, हे मुंबईतल्या एका लिटरची चिरफाड केली की कळतं. २०२५ मधला भाव धरू, साधारण १०३.५० रुपये. त्यात केंद्राची एक्साइज २१.९०. डीलर कमिशन साडेचारच्या आसपास. राज्याचा व्हॅट २५ टक्के आणि वर लिटरला ५.१२ रुपये, मिळून पावणेपंचवीसच्या जवळ. उरले बावन्न-त्रेपन्न, तो माल, रिफायनरी, वाहतूक आणि कंपनीचा वाटा. हा शेवटचा आकडा आखाती बाजारातला पेट्रोलचा भाव आणि डॉलरचा दर यांवर बेतलेला असतो. डोंबिवलीतल्या रांगेचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

जगाच्या हिशेबातही आपण किती? देशाचा पेट्रोलचा खप २०२४-२५ मध्ये सुमारे ४ कोटी टन, म्हणजे दिवसाला १५ कोटी लिटरच्या आसपास. त्यातले १० टक्के कायमचे वाचवले तर रोज साधारण ९० हजार पिंपं वाचतील. जगात रोज १० कोटींहून जास्त पिंपं तेल लागतं. हजारात एक भागसुद्धा नाही. देशाच्या परकीय चलनाला फायदा होईल, तो वेगळा विषय.

एकाच कंपनीवरच्या बहिष्काराबद्दल थोडक्यात: तिन्हींवर सरकारचाच ताबा आहे (एचपीसीएलवर ओएनजीसीमार्फत) आणि त्या एकमेकींचा माल रोज उचलतात. जिथे एकीचा डेपो जवळ आहे तिथून दुसरीच्याही गाड्या भरल्या जातात. तुम्ही ‘अ’चा पंप सोडून ‘ब’कडे गेलात तर ‘ब’ला माल कमी पडेल आणि ती तो ‘अ’कडूनच घेईल. पाटी बदलते, पेट्रोल तेच.

एडिसनकर

हा मेसेज मुळात आमच्या इकडून आलेला दिसतो. अमेरिकेत ३० एप्रिल १९९९ ला ‘गॅस आउट’ची ईमेल फिरली होती: एक दिवस कोणी गॅस (इथे पेट्रोलला हेच म्हणतात) भरायचा नाही. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये तीन दिवसांची आवृत्ती निघाली. १५ मे २००७ ची ईमेल तर सांगत होती की १९९७ मध्ये असाच बहिष्कार टाकून एका रात्रीत भाव ३० सेंटने पडला होता. असं काही झालेलंच नव्हतं. २००७ च्या त्या आठवड्यांत गॅलनचा भाव तीन डॉलरच्या वरच राहिला.

एका कंपनीला गाठायची आयडियाही इथे जुनीच आहे. पण मोठ्या कंपनीची पाटी असलेले बहुतेक पंप त्या कंपनीचे नसतात, छोट्या मालकांचे असतात. पाटीचा करार काही वर्षांचा, तो मधेच मोडला तर दंड. एकाच टर्मिनलवर चार कंपन्यांचे टँकर भरतात, प्रत्येकीचं ॲडिटिव्ह (इंजिन साफ ठेवणारं रसायन) तेवढं भरताना मिसळलं जातं. मालकाला गॅलनमागे सुटतात थोडेच सेंट, त्यातलेही काही कार्डवाले नेतात. त्याचा धंदा चालतो कॉफी आणि सिगारेटवर. बहिष्कार टाकला की मरतो तो. (न्यू जर्सीत तर स्वतःच्या हाताने गॅस भरायलाच १९४९ पासून कायद्याने बंदी आहे. तो बहिष्कार मात्र यशस्वी म्हणायचा.)

भाव खरा पडला तो २००८ मध्ये. जुलैत ४.११ डॉलर, डिसेंबर अखेरीस पावणेदोनच्याही खाली. ईमेलमुळे नाही, मंदीमुळे. नोकऱ्या गेल्या, माल हलेना, जगभर मागणी बसली. तसा उपाय कोणी सुचवू नये.

दूध_आणि_डिझेल

सगळे ‘नाही, नाही’ म्हणतायत म्हणून उलट बाजू. मोरोक्कोत २० एप्रिल २०१८ पासून तीन ब्रँडवर बहिष्कार सुरू झाला: आफ्रिकिया (पेट्रोल-डिझेल), सिदी अली (बाटलीचं पाणी) आणि सेंत्राल दानोन (दूध). एक दिवस नाही, कित्येक महिने. पुढारी नाही, मोर्चा नाही, सगळं फेसबुकवर.

दुधाचं काय झालं? कंपनीची विक्री झपाट्याने घसरली, तिने शेतकऱ्यांकडून घ्यायचं दूध ३० टक्क्यांनी कमी केलं, आणि सप्टेंबरमध्ये पाश्चराइज्ड दुधाचा भाव उतरवला. पेट्रोलवर असा स्पष्ट निकाल लागला नाही. फरक तुमच्याच धाग्यात वर आलाय: दूध संध्याकाळपर्यंत खपलं नाही तर नासतं, आणि पिशवीवर एकाच कंपनीचं नाव असतं. पेट्रोल थांबू शकतं. त्यातून तिथली एकमेव रिफायनरी २०१५ मध्ये बंद पडलेली, म्हणजे सगळ्याच कंपन्या बाहेरून तयार माल आणणाऱ्या. डिसेंबर २०१५ पासून भावही खुले होते.

पण बहिष्कार वाया गेला असंही नाही. आफ्रिकियाचे मालक तेव्हा मंत्री होते, त्यामुळे इंधनातला नफा हा राजकीय प्रश्न झाला, संसदेच्या समितीचा अहवाल आला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या स्पर्धा परिषदेने नऊ इंधन कंपन्यांकडून तडजोडीत १८४ कोटी दिरहम भरून घेतले. पंपावर पेट्रोल स्वस्त झालं का, हा भाग निराळा. (ते मालक मधल्या काळात, २०२१ मध्ये, पंतप्रधान झाले!)

थोडक्यात, बहिष्काराने कंपनीचं नाव खराब होतं. जिथे कंपनीला नावाची फिकीर आहे आणि मागणी तिच्या हातातली आहे, तिथे ती वाकते. शेलने १९९५ मध्ये ब्रेंट स्पार (तेल साठवायची जुनी तरंगती टाकी) समुद्रात बुडवायचा बेत जर्मनीतल्या बहिष्कारानंतर सोडला, तो असाच. तिथे मागणी भावाची नव्हतीच.

मुक्काम_डोंबिवली

सगळ्यांचे आभार. आफ्रिकियाची गोष्ट माहीत नव्हती. मग आपल्याकडे दाब द्यायचा कुठे?

आकडेमोड

भाव आपल्याकडे कधी उतरले त्या तारखा बघा. ४ नोव्हेंबर २०२१: एक्साइज ५ रुपयांनी कमी, पोटनिवडणुकांचे निकाल लागून दोन दिवस झालेले. त्यानंतर १३७ दिवस भाव गोठलेले, मध्ये पाच राज्यांच्या निवडणुका. १० मार्च २०२२ ला मतमोजणी, २२ मार्चपासून सोळा दिवसांत १० रुपये वाढ. २२ मे २०२२: एक्साइज आणखी ८ रुपये कमी. जुलै २०२२: राज्यात नवं सरकार, व्हॅट ५ रुपये कमी. १५ मार्च २०२४: २ रुपये कमी, दुसऱ्याच दिवशी लोकसभेच्या तारखा जाहीर. जून २०२४ चं राज्याचं बजेट, पुढे विधानसभा: मुंबई, ठाणे, नवी मुंबईत पेट्रोलवरचा व्हॅट २६ वरून २५ टक्के. निष्कर्ष तुमचा तुम्ही काढा.

निवेदनच द्यायचं तर ‘भाव कमी करा’ असं मोघम लिहू नका. दोन मागण्या नेमक्या आहेत. एक, टक्केवारीचा व्हॅट काढून लिटरमागे ठरावीक रक्कम ठेवा. आज मूळ भाव ४ रुपयांनी वाढला की राज्याचा वाटा आपोआप १ रुपयाने वाढतो. दोन, लिटरमागचे ते ५.१२ रुपये. व्हॅटचा एक टक्का कमी झाला तर सुटतात ७९ पैसे, हे काढले तर पाच रुपये. जीएसटीची मागणी राज्याकडे नेऊन उपयोग नाही, ती जीएसटी परिषदेच्या हातात आहे.

तळोदेकर

एक बहिष्कार आमच्या सीमेवर रोज चालतो. २०२५ मध्ये गुजरातेत पेट्रोल लिटरला नऊएक रुपयांनी स्वस्त, त्यामुळे नंदुरबारकडचे बरेच जण पलीकडे भरतात. पण मुद्दाम जाऊ नका. पंप २० किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन ४० किलोमीटरला स्कूटरला जवळजवळ एक लिटर लागतं, म्हणजे शंभरेक रुपये, आणि ५ लिटरवर वाचतात ४५. कारमध्ये ३५ लिटर भरलं तर ३१५ वाचतात, जाण्यायेण्यात अडीच लिटरचे अडीचशे जातात. वाटेत पंप असेल तरच परवडतं.

डेपो_ते_पंप

मीटिंगमध्ये एवढं मात्र जरूर सांगा: मेसेज फिरलाच असेल तर १४ तारखेच्या संध्याकाळी रांगेत उभे राहू नका. टँकर खाली होत असताना त्या टाकीतून विक्री बंद ठेवावी लागते, मग रांग आणखी वाढते आणि ‘पेट्रोल संपलं’ची अफवा तिथूनच सुटते. १२ किंवा १३ लाच भरून घ्या.