अनुभव धागा: अपघातात वाकलेलं हँडल बदलताना

गेल्या पावसाळ्यात ताम्हिणी घाटात शेवाळलेल्या वळणावर माझी स्प्लेंडर आडवी झाली. मला खरचटलं तेवढंच, पण हँडलचं उजवं टोक टाकीकडे वळलं. गॅरेजवाल्यानं त्यात पाइप घालून सरळ केलं. महिन्याभरात त्याच जागी क्रोम तडकलं, तेव्हा धास्तावलो. वाकवून सरळ केलेला पाइप तिथेच कमजोर होतो, आणि चालत्या गाडीत तो तुटला तर सावरायचं कशानं? कालच नवं हँडल बसवून घेतलं. तुम्ही बदललं असेल तर कुठे अडलात ते लिहा.

साताऱ्याहून:
मी घरीच बदललं, दीड तासाच्या कामाला अख्खा रविवार गेला. टाकीवर गोधडी टाकलीत तर पाना निसटला तरी रंग वाचतो. डिस्क ब्रेकची तेलाची डबी काढून लोंबकळत सोडू नका. ती उभी बांधून ठेवा, नाहीतर नळीत हवा शिरते आणि ब्रेक दाबला की लिव्हर स्पंजासारखा आत जातो. माझं तेच झालं, मग ब्लीडिंग करत, म्हणजे नळीतली हवा काढत बसलो. पकडीचा पाइप बहुतेक गाड्यांना 22 मिमीच असतो, त्यामुळे दुसऱ्या मॉडेलचं हँडलही बसल्यासारखं वाटतं. पण स्विचच्या डबीतल्या खुंटीचं भोक भलतीकडे असतं. खुंटी घासून टाकली तर डबी हँडलवर फिरत राहते, तेवढं करू नका. शेवटी इंजिन चालू ठेवून हँडल दोन्हीकडे टोकापर्यंत वळवा. रेस वाढली तर एक्सलेटरची वायर ताणली जातेय.

कोल्हापूरहून:
नवं हँडल टाकूनही गाडी सरळ जाताना ते डावीकडेच दिसायचं. दोष हँडलचा नव्हताच, पुढचे शॉकअप टीमध्ये, म्हणजे दोन्ही शॉकअप धरून ठेवणाऱ्या जोडात, पिळले गेले होते. मिस्तरींनी शॉकअपच्या दोन्ही पाइपांवर सपाट काच धरली, ती डुगडुगली, म्हणजे पाइप एका पातळीत नव्हते. खालच्या टीचे बोल्ट आणि चाकाचा आस सैल केला, चाक गुडघ्यांत धरून हँडलला झटका दिला, शॉकअप चार वेळा दाबून पुन्हा आवळलं. नव्या हँडलचे पैसे आधी ही काच धरली असती तर वाचले असते.

म्हापशाहून:
ग्रिप पेट्रोल लावून चढवली होती. वाळेपर्यंत थांबलो नाही आणि पहिल्याच चढावर डावी ग्रिप हातात आली. आता रात्रभर तशीच ठेवतो, गाडी सकाळीच काढतो.

धागाकर्ता:
सातारकर, तुमचं वाचून लगेच खाली पार्किंगमध्ये गेलो. हँडल डावीकडे टोकाला नेलं की रेस खरंच वाढते. वायर हेडलाइटच्या कडीत अडकलीय. उद्या टाकी काढून नीट ओढून घेतो, तोवर बसनं जाईन.