गोळी सुरू झाली, पुढे काय? थायरॉइडसोबत राहण्याचे अनुभव

"हायपोथायरॉइड आहे. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घ्या, दीड महिन्याने परत टीएसएच करा." डॉक्टरांनी एवढं सांगितलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. हायपोथायरॉइड म्हणजे गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावलेली, आणि टीएसएच ही तिची रक्ततपासणी, ग्रंथी मंदावली की तो आकडा चढतो, हेही मला नंतरच कळलं. बाकीचं मी ठेचा खात शिकले, म्हणून हा धागा. डोस डॉक्टरांनाच ठरवू द्या. निदान झाल्यावर घरात, कामावर, शरीरात काय बदललं ते इथे लिहा. सुरुवात मी करते.

२०१४ साली माझा टीएसएच ३८ आला. एरवी तो साधारण ०.४ ते ४ असतो. त्याआधीचं दीड वर्ष मी घरात 'आळशी' होते. सासूबाई म्हणायच्या, नवरा म्हणायचा, पुढे पुढे मलाही तसंच वाटू लागलं. पुण्यात ऐन मे महिन्यात मी पंखा बंद करून झोपायचे. टाचा फुटलेल्या, कंगव्यात केसांचे पुंजके, पाळी नऊ-नऊ दिवस. आवाज घोगरा, फोनवर बहीण दर वेळी विचारायची, "सर्दी झालीय का गं?" अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धची रक्तातली प्रतिपिंडं) तपासल्यावर कळलं की हा हाशिमोटो, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती थायरॉइड ग्रंथीवर उलटलेली. त्या रात्री मी खूप रडले, पण ओझं उतरल्यासारखं. माझ्या थकव्याला नाव मिळालं होतं.

गोळी घेऊनही आकडा उतरेना. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "चहा कधी घेता?" मी गोळी चहासोबतच घेत होते, आणि नाश्ता झाला की लगेच कॅल्शियम. ही गोळी, म्हणजे लेव्होथायरॉक्झिन, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, पुढे अर्धा-पाऊण तास तरी पोटात काही नको, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांनी, हे मला तेव्हा कळलं. आमच्याकडे सहाला सगळ्यांचा एकत्र चहा असतो. सासूबाईंनी आपणहून तो पावणेसातला नेला. "तुझी गोळी जिरू दे आधी," म्हणाल्या. आळशी हा शब्द त्या दिवसापासून घरात ऐकला नाही.

कोल्हापूर, पुरुष, ५२
हा बायकांचा आजार, असं मला दोघांनी तोंडावर सांगितलं. बायकांत जास्त आढळतो हे खरं, पण मला झाला. माझं वरच्या ताईंच्या उलट, हायपर, म्हणजे ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करणारी. ग्रेव्हज म्हणतात त्याला. चार महिन्यांत अकरा किलो वजन गेलं, भूक मात्र दोन माणसांची. बसल्या जागी नाडी १२०. मी सोन्याचा कारागीर. हात थरथरायला लागले, बारीक कडी जोडता येईना. पेढीवर कुजबुज सुरू झाली की यानं दारू धरली. तीस वर्षं ज्यांच्यासोबत बसलो त्यांनी असं बोलावं, ते फार लागलं.

ग्रंथीला आवर घालणारी कार्बिमॅझोलची गोळी सुरू करताना डॉक्टरांनी एक गोष्ट तीनदा बजावली. ताप आला, घसा दुखला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासा, पांढऱ्या पेशी एकदम घसरू शकतात. दुसऱ्या महिन्यात जोतिबाच्या डोंगरावर चैत्र यात्रेत असताना घसा धरला, अंग तापलं. पालखीसाठी न थांबता खाली उतरलो, थेट लॅब गाठली. पेशी ठीक निघाल्या. तरी परत तसं झालं तर परत उतरेन. डोळेही बाहेर आल्यासारखे दिसत होते. सिगारेटने डोळ्यांचं दुखणं वाढतं असं कळल्यावर बावीस वर्षांची सवय सोडली.

नागपूर
मी नर्स आहे, नाइट ड्यूटी असते. माझी सकाळ रोज वेगळी, त्यामुळे गोळी चुकायची. डॉक्टरांना विचारून झोपण्याआधी घ्यायला लागले, शेवटच्या खाण्यानंतर तीन तासांनी. ज्यांना सकाळ जमत नाही त्यांनी विचारून बघा. आणि केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा. रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

नाशिक
माझा अनुभव माझ्या लेकीचा आहे. जन्मली तेव्हा सगळे कौतुक करायचे, किती शांत बाळ, रडतच नाही. दूध पितानाही झोपून जायची, कावीळ रेंगाळली. पाचव्या दिवशी टाचेतून रक्त घेतलं होतं, त्यात निघालं की थायरॉइड ग्रंथी जन्मतःच नीट काम करत नाही. अकराव्या दिवशी गोळी सुरू झाली. चुरायची, चमचाभर अंगावरच्या दुधात कालवायची आणि पाजायची. माझा हात कापायचा. आई म्हणायची, "एवढ्याशा जिवाला गोळ्या कशाला?" पण उपचार लांबले तर मेंदूच्या वाढीवर कायमचा परिणाम होतो, आणि ती तपासणी झाली नसती तर आम्ही 'शांत बाळ' म्हणतच राहिलो असतो. आता ती सात वर्षांची आहे, तेरापर्यंत पाढे पाठ आहेत, गोळी स्वतः मागून घेते. बाळंतपण जवळ आलं असेल तर ही तपासणी होणार का, हे दवाखान्यात आधीच विचारा.

अलिबाग
थायरॉइडचा कॅन्सर, पूर्ण ग्रंथी काढली. ऑपरेशननंतर बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या आल्या. कॅल्शियम उतरलं होतं, लगेच सांगितलं म्हणून बरं. पुढे रेडिओआयोडीन, म्हणजे उरल्यासुरल्या थायरॉइड पेशी मारणारं किरणोत्सारी आयोडीन, घ्यायचं होतं. त्याच्या आधी दोन आठवडे आयोडीन कमी असलेलं खायचं होतं. आयोडीनयुक्त मीठ नाही, दूध नाही, मासळी तर नाहीच. बंदरावर वाढलेल्या माणसाला हे जड गेलं. त्याहून जड गेले डोस घेतल्यानंतरचे दिवस. अंगातून किरणोत्सर्ग होतो म्हणून वेगळ्या खोलीत राहायचं, चार वर्षांची नात दाराबाहेर बसून गोष्ट सांगायची आणि मी आतून हुंकार द्यायचो.

सातारा
दोन वर्षं हायपोथायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी घेतेय. काल कळलं, दिवस गेलेत, सहावा आठवडा. डॉक्टरांची वेळ पंधरा दिवसांनंतरची आहे. आत्या म्हणतात तोवर गोळी बंद ठेव. काय करू?

धागा सुरू करणारी
ताई, अभिनंदन! गोळी अजिबात बंद करू नका. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाला तुमच्याच थायरॉइड हार्मोनवर अवलंबून राहावं लागतं, म्हणून या काळात डोस बहुतेक वेळा वाढवावा लागतो. पंधरा दिवस थांबू नका. आत्ताच दवाखान्यात फोन करा, "हायपोथायरॉइड आहे आणि सहावा आठवडा आहे" हे दोन्ही सांगा, टीएसएच कधी करायचं ते विचारा. आत्यांना फोन मी करू का? बोलणं झालं की इथे कळवा, मी वाट बघतेय.