शिकारी कीटक एकमेकांना किती खातात, हे शेतात कसं मोजायचं? सल्ला हवा

पऱ्हाटी:
नमस्कार. कीटकशास्त्रात एम.एस्सी. करतेय, प्रबंधाचं काम यवतमाळकडच्या कपाशीत आहे. ढालकिडे, क्रायसोपाच्या (जाळीदार पंखांचा कीटक) अळ्या, कोळी हे सगळे मावा असलेल्या एकाच झाडावर सापडतात. मोजणीत हे सरसकट 'मित्रकीटक' म्हणून धरले जातात, पण ते एकमेकांनाही खातात. हे प्रमाण मला शेतातच मोजायचंय. पोटातला डीएनए, समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) की झाडांवर जाळीचे पिंजरे? हंगाम एकच हाताशी आहे, पैसेही बेताचेच.

रातकिडा:
शेतातच मोजायचं ठरवलंत हे फार चांगलं केलंत. प्रयोगशाळेतल्या डबीत पळायला जागा नसते, दुसरं खाणं नसतं, मग कोणीही कोणालाही खातं.

कोण कोणाला खातं यासाठी पोटातला डीएनए तपासा. कॅनडात क्यूबेकच्या सोयाबीनमधल्या ढालकिड्यांचा असा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्याहून जास्त ढालकिड्यांच्या पोटात इतर शिकारी कीटकांचा डीएनए निघाला. तुम्ही तीन-चार जातींपुरते नेमके प्रायमर (ठरावीक जातीचाच डीएनए हुडकणारे छोटे तुकडे) घ्या. सगळा डीएनए एकदम वाचायला गेलात तर खाणाऱ्याचा स्वतःचाच डीएनए बाकी सगळं झाकून टाकतो.

नमुने हाताने, एकेक वेचा. जाळी झाडावरून फिरवली की ते आतच एकमेकांना चावतात आणि सगळा निकाल बिघडतो. प्रत्येकाला वेगळी कुपी, लगेच ९५ टक्के अल्कोहोल, आणि कुप्या बर्फात.

आता मर्यादा. स्वजातिभक्षण यात दिसत नाही. शिकार केली की मेलेलं खाल्लं, तेही कळत नाही. कोळ्याने मावा खाल्लेली अळी खाल्ली तर कोळ्याच्या पोटात माव्याचाही डीएनए सापडू शकतो. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे 'इतक्या टक्क्यांत सापडला' हा खाण्याचा वेग नव्हे. कोळ्यांत हा डीएनए सहसा ढालकिड्यांपेक्षा जास्त काळ टिकतो, त्यामुळे कोळीच जास्त खादाड वाटतात. शेताच्या तापमानाला प्रत्येक जातीला एकदा खाऊ घाला, ठरावीक तासांनी थोडे थोडे मारून तपासा आणि तो टिकण्याचा काळ काढा. हे टाळू नका, कारण तुमचे आकडे त्याच्यावरच उभे राहणार आहेत.

टॉर्चवाला:
शिवाय रात्री शेतात बसा. कॅलिफोर्नियाच्या कोचेला खोऱ्यात विंचवांचा अभ्यासक गॅरी पोलिसने अतिनील दिव्याखाली चमकणारे विंचू बघत त्यांच्या तोंडात काय आहे याची नोंद ठेवली. त्यात इतर जातींचे विंचूही होते. अशाच निरीक्षणांतून पुढे एकमेकांना खाणाऱ्या शिकाऱ्यांवरचा त्याचा आणि सहकाऱ्यांचा १९८९ चा गाजलेला आढावा उभा राहिला. फक्त एक सांभाळा: कोळी भक्ष्य बराच वेळ धरून असतो, ढालकिडा चटकन संपवतो. म्हणून दिसलेल्या घटनांना खाण्याच्या वेळेने भागा.

नत्र:
समस्थानिकांत नायट्रोजन-१५ (जड नायट्रोजन) अन्नसाखळीच्या दर पायरीला सरासरी ३.४ प्रति हजार वाढतो, पण कोणी कोणाला खाल्लं ते त्यातून उमजत नाही. शेणखताच्या रानात मुळातच तो जास्त असतो, युरियाच्या रानात कमी. उपाशी कोळ्यातही वाढतो. एकाच हंगामात मी यात पडलो नसतो.

पऱ्हाटी:
खूप आभार, सगळ्यांचे. मग शिकारी एकमेकांना खातात त्यामुळे मावा वाढतो का, हे कसं दाखवू? मार्गदर्शकांचा खरा प्रश्न तोच आहे.

रातकिडा:
त्याला पिंजरेच लागतील. कॅलिफोर्नियाच्या कपाशीत कीटकशास्त्रज्ञ जे. रोझेनहाइम आणि सहकाऱ्यांनी हे करून दाखवलं, निष्कर्ष १९९३ मध्ये आले. एकट्या क्रायसोपाच्या अळ्यांनी मावा आटोक्यात ठेवला. सोबत शिकारी ढेकूण (भक्ष्याला सोंड खुपसून रस शोषणारे कीटक) सोडल्यावर त्यांनी अळ्या खाल्ल्या आणि मावा पुन्हा वाढला.

तुम्ही चार प्रकार ठेवा: नुसता मावा, मावा-क्रायसोपा, मावा-कोळी, आणि तिन्ही. सोडण्याची संख्या शेतात प्रत्यक्ष मोजलेल्या घनतेइतकीच असू द्या, कारण गर्दी केली की खाणं आपोआप वाढतं. आणि पिंजऱ्याबाहेरची काही झाडंही मोजत राहा. जाळीने वारा अडतो, आतली उष्णता बदलते, त्याचाही माव्यावर परिणाम होतो.