पाणी पडतंय, पण किती?

बोटीचं इंजिन थंड करून समुद्राचं पाणी मागच्या एक्झॉस्टमधून (धुराच्या नळीतून) बाहेर पडतं; ते पडतंय म्हणजे कूलिंग ठीक, असं म्हणतात, ते मला अर्धंच पटलं. मी नवा इम्पेलर (समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपातलं रबरी चक्र) टाकला तेव्हाच डिंगीतून (छोट्या होडीतून) एक्झॉस्टखाली बादली धरून ती भरायला किती सेकंद लागतात ते आयडलला (इंजिन नुसतं मंद चालू असताना) मोजून इंजिनच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवलंय, शंका आली की परत बादली. मांडव्याहून येताना आवाज जरा कोरडा, फटफट वाटला, पाणी पडत होतंच, पण मुरिंगला (बोट बांधायच्या जागी) मोजलं तर जवळपास दुप्पट वेळ! स्ट्रेनरमध्ये (आत येणारं पाणी गाळणाऱ्या जाळीत) दुधाच्या पिशवीचा तुकडा निघाला.

आणि एल्बोनंतरच्या (पाणी धुरात मिसळतं त्या वाकड्या नळीनंतरच्या) एक्झॉस्टच्या रबरी होजला अधूनमधून हात लावून बघा (बाही बेल्टपासून लांब ठेवून). समुद्राचं पाणी कमी झालं की आधी तो तापतो, तापमानाचा काटा आतल्या कूलंटचा (इंजिनमध्येच फिरणाऱ्या द्रवाचा) असल्याने उशिरा हलतो.